नावाची जागा

"उष्टं नाव नको, मामा," सुजाताताई म्हणाल्या. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि पदरानं ओठ टिपले.

मी त्यांना मोबाइलवर दोन पाळणे ऐकवले होते. एकात बाळाचं नाव अन्वी होतं, दुसऱ्यात श्रुतिका. दोन्हींत आत्याचं नाव सुजाता होतं. दोन्ही माझ्या बायकोनं, शालननं, म्हटलेले होते. येत्या रविवारी माझ्या नातीचं बारसं होतं आणि पाळणा शालनच्या आवाजात व्हावा, एवढंच मला हवं होतं. शालनला जाऊन पाच महिने झाले होते.

"आमच्या घरातली ही पहिली पोर," सुजाताताई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणासाठी म्हटलेलं तिच्या कानात कशाला?"

सुजाताताई माझ्या जावयाची थोरली बहीण. इस्लामपूरला त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. बोलताना समोरच्या माणसाच्या खांद्याकडं बघायची त्यांना सवय होती, माप घेतल्यासारखी. माझी मुलगी रेश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, म्हणून बारसं आमच्या विट्याच्या घरी होतं. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्यानं नाव ठरवून टाकलेलं होतं.

काय ठरवलंय ते मी विचारलं. आधी सांगायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, नाव कळल्याशिवाय गाणं कसं जमवू? त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं. रेश्मा बाळाला घेऊन झोपली होती. मग त्या हळूच म्हणाल्या, "इरावती."

शालनच्या मोबाइलात इरावती नव्हती. ते मला न बघता माहीत होतं.

शालन पाळणे म्हणायची आणि मी पेटी वाजवायचो. आमचं पोट त्यावर होतं. विट्यात किंवा आसपासच्या गावांत बारसं असलं की आम्हाला बोलावणं यायचं. ती दारात चप्पल काढतानाच बाळाचं नाव विचारून घ्यायची आणि गाणं सुरू होईपर्यंत ते ओळीत बसवायची. एका पोराचं नाव धैर्यशीलराजे होतं. तेही बसलं.

पुढं आम्ही सांगलीला जाऊन पाळण्याची सीडी काढली. रेकॉर्डिंग करणाऱ्या मालकानं सांगितलं, नावाच्या ठिकाणी कुठलंही एक नाव घाला आणि पुढं चला. शालननं घातलं नाही. "आत्या वाकली, कानाशी बोलली, काय गं बोलली" इथपर्यंत ती म्हणते आणि थांबते. नावाची जागा मोकळी आहे. तेवढ्या जागेत नुसती माझी पेटी वाजते. मालकानं कारण विचारलं. तिनं जे सांगितलं ते मला तेव्हा धंद्याचं वाटलं.

सीडी थोड्या खपल्या. मग एसटी स्टँडसमोर इलाही मुलाणीचं मोबाइलचं दुकान निघालं. तो मेमरी कार्ड भरून द्यायचा. देवाची गाणी, सिनेमाची गाणी, लग्नाची गाणी, आणि आमचा पाळणा. लोक कार्ड स्पीकरला लावून घरच्या घरी बारसं करायला लागले. आमची बोलावणी कमी होत गेली. मी इलाहीशी भांडायला गेलो. तो म्हणाला, "मास्तर, मी गाणं विकत नाही. कार्ड भरून देतोय." वर म्हणाला, त्यानं नाही भरलं तर पलीकडचा दुकानदार भरेल. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्याला त्याचा काही त्रास झाला नाही.

उरलेल्या सीड्या आळसंदच्या एका द्राक्षबागायतदारानं नेल्या. पाखरं उडवायला बागेत टांगायच्या होत्या. वर गाणं कुठलं आहे हे त्यानं विचारलं नाही. चकाकतात का, एवढंच विचारलं.

पण मोकळ्या जागेनं वेगळंच झालं. बारशाला पाळणा लागायचा, सगळं रंगात यायचं, आणि नावाच्या ठिकाणी नुसती पेटी वाजायची. बायका एकमेकींकडं बघायच्या. कार्ड खराब आहे म्हणून लोक इलाहीकडं परत न्यायचे. इलाहीला गिऱ्हाइकांचा कंटाळा आला आणि तो त्यांना आमचा नंबर द्यायला लागला. मग फोन येऊ लागले. बाई, आमच्या पोराचं नाव घालून पाठवा.

असा आमचा दुसरा धंदा सुरू झाला. घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग. दिवसभर खडखडाट. वीज गेली की माग थांबायचे, आणि वीज गेली की आमचं रेकॉर्डिंग. शालन मोबाइल चहाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि म्हणायची, मी वाजवायचो. गाव विजेच्या नावानं खडे फोडत असायचं आणि आम्ही ती जायची वाट बघायचो. वीज आली की मोबाइल चार्ज करून गाणं पाठवायचं.

त्यातही लोकांनी वाट काढली. त्या वर्षी जो तो पोराचं नाव आरव ठेवत होता. आम्ही एकाला आरव पाठवला. तो गावातल्या सगळ्या आरवांकडं गेला, तिथून तासगावच्या, तिथून कुठं कुठं. आरवचे फोन येणं बंद झालं. मी वैतागलो. शालननं दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, आता बाळाच्या नावाबरोबर आत्याचंही नाव घालायचं. दुसऱ्याच्या आत्याचं नाव कोण लावून घेईल? ते खरं ठरलं. कुठल्याच आत्याला ते खपलं नसतं.

तसं आमचं काही वर्षं चाललं. मग तिला दम लागायला लागला. दवाखाने झाले. शेवटचे पाळणे तिनं भिंतीला टेकून म्हटले. एका ओळीत दोनदा श्वास घ्यायची आणि तो श्वास माझ्या पेटीखाली झाकायला सांगायची. मी जमेल तसा झाकला.

तर सुजाताताईंनी इरावती सांगितली. माझा चेहरा बघून असेल, त्या म्हणाल्या, "जोड देता येत नाही का? आम्हाला कापड कमी पडलं तर बाहीला जोड देतो. बाहेरून कळत नाही."

मी म्हणालो, गाण्याला जोड कोण देणार? त्या म्हणाल्या, मोबाइलवाले देत असतील. मोबाइलवाला मला एकच माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शालनचा मोबाइल घेऊन इलाहीच्या दुकानात गेलो. तो शालनच्या मातीला आला होता, पण मागं उभा राहून परत गेला होता. मला बघून त्यानं स्टूल पुढं केलं आणि त्यावरचा धुरळा बनियनच्या तुकड्यानं पुसला.

"बसा मास्तर."

मी बसलो. काय हवंय ते सांगितलं. त्यानं मोबाइल कॉम्प्युटरला जोडला. इरा लगेच सापडली. इरा नावाच्या चांगल्या तीन-चार पोरी होत्या. वतीला वेळ लागला. शेवटी एक कलावती मिळाली. भाळवणीच्या कुणीतरी मुलीला पणजीचं नाव ठेवलं होतं. इलाहीनं पडद्यावर गाण्याची वेडीवाकडी रेघ मोठी केली, इथून कापलं, तिथून कापलं, मध्येमध्ये एका गिऱ्हाइकाला चार्जर दिला. मग त्यानं हेडफोन माझ्या हातात दिला.

मी ऐकलं. शालन इरावती म्हणत होती. तिनं ते नाव जन्मात कधी घेतलं नव्हतं आणि मला ते स्वच्छ ऐकू येत होतं. मी पुन्हा लावायला सांगितलं.

इरा जुनी होती. दवाखान्याच्या आधीची. आवाज भरलेला, वरच्या सुरावर सहज जाऊन टेकणारा. कलावती शेवटच्या पावसाळ्यातली होती. म्हणजे इरा म्हणेपर्यंत ती धडधाकट होती आणि वती म्हणताना तिला दम लागत होता. नावाच्या मधोमध ती आजारी पडत होती. तिथं माझी पेटीही एकदम जोरात होते. का होते ते मला माहीत होतं.

"जमलंय का?" इलाहीनं विचारलं. "जोड कळत नाही."

"पुसून टाक," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुसलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मग मूळचंच लावा की. मोकळ्या जागेचं."

मी त्याला सांगितलं की ते माझ्याकडं नाही. घरात एक सीडी होती ती चरे पडून गेली. सांगलीत आता त्या मालकाच्या जागी गाद्यांचं दुकान आहे. आदल्या आठवड्यात मी आळसंदलाही जाऊन आलो होतो. बागेत सीड्या होत्या, पण उन्हानं पांढऱ्या पडल्या होत्या. बागायतदारानं चांगलीशी बघून एक तोडून दिली, भाजी दिल्यासारखी. ती वाजली नाही. पाखरं अजून भितात, असं तो म्हणाला.

"माझ्याकडं आहे की," इलाही म्हणाला.

त्यानं कॉम्प्युटरमध्ये शोधलं. पाळणा विटा ओरिजनल असं नाव देऊन त्यानं ते ठेवलं होतं. सात-आठ वर्षं. मधल्या काळात त्याचे दोन कॉम्प्युटर बदलले होते आणि प्रत्येक वेळी त्यानं ते नव्यात घेतलं होतं. "अजून जातंय हे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात जरा अभिमान होता. मग माझ्या लक्षात आलं की तो मला खूश करायला बघत होता.

त्यानं गाणं कार्डात भरून दिलं. मी किती झाले विचारलं.

"लाजवता काय मास्तर."

"घे," मी म्हणालो. "त्या गाण्याचे पैसे एकदा तरी कुणीतरी द्यायला पाहिजेत."

त्यानं नोट घेतली, ड्रॉवर उघडला आणि उरलेले सुटे मोजून माझ्या हातावर ठेवले.

घरी आल्यावर रेश्मानं विचारलं, "मग नाव कोण म्हणणार, आप्पा?"

"मी म्हणतो."

"तुम्ही?"

तिचा प्रश्न बरोबर होता. मी आयुष्यभर पेटी वाजवली, तोंड कधी उघडलं नाही. गाणं हे शालनचं काम होतं. पण तीन अक्षरांच्या जागेत चार अक्षरं बसवायची, एवढंच तर होतं. पुढचे दोन दिवस वीज असली की मी सराव केला. मागांच्या खडखडाटात शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही म्हणून. वीज गेली की थांबायचो.

रविवारी घर भरलं. गल्लीतल्या बायका आल्या, जावयाकडची माणसं आली. घुगऱ्यांचं पातेलं शेजारणीनं सांभाळलं. पाळण्याला सुजाताताईंनी स्वतः शिवलेली झालर होती, तिला कुठंही जोड नव्हता. बाळाला पाळण्याखालून वरून दिलं-घेतलं. मग सुजाताताई वाकल्या आणि तिच्या कानात नाव सांगितलं, आणि सगळ्या बायकांनी मिळून त्यांच्या पाठीत बुक्क्या घातल्या. आमच्या गल्लीतल्या बायका या कामात मागं राहत नाहीत. सुजाताताई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "इरावती."

स्पीकर इलाहीनं दिला होता, त्याचं भाडं सांगितलं नव्हतं. मी पेटी घेऊन पाळण्याशेजारी बसलो आणि रेश्माला खूण केली. तिनं लावलं.

शालन म्हणायला लागली.

बायका बोलत होत्या त्या थांबल्या. रेश्मा पाळण्याच्या दोरीकडं बघत राहिली. मी आधी स्पीकरमधल्या पेटीबरोबर वाजवत होतो. मग मला कळलं की ती पेटी जरा तरुण आहे, मी मागं पडतोय. मी सावरून घेतलं. आत्या वाकली, कानाशी बोलली, काय गं बोलली.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

जागा तशीच गेली. दोन पेट्या वाजत राहिल्या. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, पूर्वी बघायच्या तशाच. कुणीतरी म्हणालं, कार्डात काहीतरी बिघाड आहे. शालन पुढच्या कडव्याला लागली होती. तिला थांबायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या कडव्यात पुन्हा ती ओळ आली. मी पुन्हा तोंड उघडलं, आणि माझ्या डोक्यावरून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "इरावती."

सुजाताताई होत्या. सुराशी त्यांचा काही संबंध नव्हता. नाव जागेत मावलं नाही, वती पुढच्या ओळीवर सांडली, आणि शालन तिच्याखालून आपलं म्हणत पुढं गेली. दोन बायका हसल्या. सुजाताताईंनी त्यांच्या खांद्यांकडं बघितलं. तिसऱ्या कडव्याला त्या तयारीत होत्या. एक हात पाळण्याच्या दोरीवर, मान वाकडी, टाचणी दातात धरल्यासारखे ओठ. या वेळी त्यांनी आधी सुरुवात केली, आणि गल्लीतल्या बायकाही त्यांच्याबरोबर म्हणाल्या. शेवटच्या कडव्यात नाव जागेत बसलं. सूर नव्हताच, पण बसलं. मी पेटी थोडी हळू केली. झाकण्यासारखं काही नव्हतं.

जेवणं झाल्यावर सुजाताताई हातात ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मामा, तुम्ही म्हणणार होता ना?"

"हो."

"मग?"

"जमलं नाही."

त्यांनी थोडा भात कालवला. "मला वाटलं जागा वाया चाललीय," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "मामींनी ठेवली कशाला होती पण? एखादं नाव घालून मोकळं व्हायचं."

सांगलीच्या मालकानंही तेच विचारलं होतं. शालननं त्याला जे सांगितलं होतं, तेच मी त्यांना सांगितलं. ती म्हणाली होती, "मी असेन नसेन. नाव घ्यायला जितं माणूस लागू दे." परत येताना एसटीत मी तिचं कौतुक केलं होतं, की धंदा चांगला कळतो तुला. लागणारं माणूस म्हणजे आपणच दोघं, असं मी धरून चाललो होतो. ती खिडकीतून बाहेर बघत होती. हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती.

सुजाताताईंनी घास गिळला.

"आवाज नाही मला," त्या म्हणाल्या. "पण जिती आहे."

"हो," मी म्हणालो.

त्या दिवशी कुणीतरी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. आठवड्याच्या आत ते गावभर गेलं, पहिल्या कडव्यातल्या रिकाम्या जागेसकट, आणि कार्डात बिघाड आहे म्हणणाऱ्या बाईसकट. इलाहीकडं ते माझ्या आधी पोचलं. त्यानं मला ऐकवलं आणि विचारलं, "हे भरू का मास्तर?" आयुष्यात त्यानं विचारलेलं ते पहिलंच. मी म्हणालो, आत्याला विचार.

महिन्याभरानं सुजाताताईंचा इस्लामपूरहून फोन आला. त्यांच्या गल्लीत बारसं होतं. लोक मामींचं गाणं लावणार होते आणि नाव घ्यायला यांना बोलावलं होतं. यांचा आवाज ऐकूनही बोलावलं होतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग म्हणाल्या, "मला साडी देतील म्हणतायत. पेटीला कोण आहे का, असं विचारत होते."

मी पेटीचा भाता तपासला आणि सकाळची एसटी धरली.

त्याला आता दहा वर्षं होत आली. इरावती चौथीत आहे. आम्हाला अजून बोलावतात, फार नाही, पण माझं भागतं. आधी बाळाच्या आत्यालाच नाव म्हणायला सांगतो. ती लाजली तर सुजाताताई आहेतच. गाणं शालनचंच लावतो. सुजाताताई अजून सुरात आलेल्या नाहीत. शालन त्यांच्यासाठी थांबत नाही.